बैठक आधी व्हावी, घोषणा नंतर : केंद्रीय मंत्रिमंडळास खुले पत्र

प्रति,
केंद्रीय मंत्रिमंडळातील सर्व सन्माननीय सदस्य,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सन्माननीय मंत्रिमहोदय आणि मंत्रिमहोदया,

सादर नमस्कार.

मी केंद्र सरकारच्या सेवेतून अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षे कॅबिनेट नोट तयार करण्यात गेली. बैठकीत आपल्यासमोर जो कागद येतो, त्याचा पहिला मसुदा माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेला असतो. मी कोणत्या मंत्रालयात होतो ते इथे लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका मंत्रालयापुरते नाही आणि एका पक्षाच्या सरकारापुरतेही नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या काळात मी तेच टेबल सांभाळले आहे.

मागणे थोडक्यात सांगतो. मोठ्या निर्णयाची घोषणा होण्याआधी त्यावर मंत्रिमंडळात खरीखुरी चर्चा व्हावी, आणि निर्णय झाल्यावर त्याची कारणे आम्हा लोकांना वाचायला मिळावीत. पहिली गोष्ट सरकारच्या स्वतःच्या नियमांत आहे आणि दुसरी संसदेने केलेल्या कायद्यात. नवे काही मागत नाही.

पत्र खुले आहे, म्हणून आपल्याला पाठ असलेल्या काही गोष्टी इतर वाचकांसाठी लिहितो. मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते वेगळे आहेत. राज्यघटनेच्या ७४ व्या आणि ७५ व्या अनुच्छेदांत आहे ती मंत्रिपरिषद, म्हणजे सगळे मंत्री मिळून. ९ जून २०२४ रोजी शपथ घेतलेल्या मंत्रिपरिषदेत पंतप्रधानांसह ७२ जण होते : ३० कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभाराचे ५ राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री. ही संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ठरवले. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत ती मर्यादा ८१ वर येते. मंत्रिमंडळ हा या परिषदेतला आतला गट : पंतप्रधान आणि कॅबिनेट मंत्री. राज्यमंत्री बैठकीला येतात ते बोलावणे आले तरच, बहुधा आपल्या खात्याचा विषय असेल तेव्हा.

लोकसभेला जबाबदार मात्र सगळी मंत्रिपरिषद असते, आणि तीही सामूहिकरीत्या. जो राज्यमंत्री त्या बैठकीला नव्हता, ज्याने ती नोट वाचलेलीही नाही, त्यालाही संसदेत त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहावे लागते. ज्या कॅबिनेट मंत्र्याने आत विरोध केला, त्यालाही बाहेर आल्यावर निर्णय आपलाच म्हणून सांगावा लागतो. अगदीच पटले नाही तर राजीनामा हा एकच रस्ता उरतो. एवढे मोठे बंधन आपण पत्करता, ते आत मनमोकळे बोलता येते या भरवशावर. आत बोलायला वावच नसेल, तर त्या बंधनाला काय आधार राहिला?

आता कागदाकडे येतो.

केंद्र सरकारचे कोणते काम कोणत्या खात्याने करायचे आणि ते कसे करायचे, यासाठी १४ जानेवारी १९६१ रोजी नियमांचे दोन संच झाले. एक कार्यवाटपाचा, दुसरा कार्यव्यवहाराचा. घटनेच्या ७७ व्या अनुच्छेदाने तो अधिकार राष्ट्रपतींना दिला आहे. कार्यव्यवहाराच्या नियमांना जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात मंत्रिमंडळापुढे काय यायलाच हवे त्याची यादी आहे. नवे कायदे आणि वटहुकूम, परदेशांशी होणारे करार, संसदेचे अधिवेशन बोलावणे, दोन मंत्र्यांमध्ये मिटत नसलेला मतभेद हे सगळे त्यात आहे. मंत्रिमंडळाने पूर्वी घेतलेला निर्णय फिरवायचा असेल तर तेही पुन्हा मंत्रिमंडळापुढेच आणावे लागते.

नोट तिथवर पोचण्याआधी तिला फिरावे लागते. मसुदा संबंधित सगळ्या मंत्रालयांकडे जातो. पैशाचा विषय असेल तर अर्थ मंत्रालयाचे मत घ्यावेच लागते, कायद्याचा असेल तर विधी मंत्रालयाचे. प्रत्येकाचे लेखी अभिप्राय येतात, त्यावर आमचे उत्तर लिहायचे, आणि ते दोन्ही नोटमध्ये जोडायचे. प्रत्येक प्रतीवर गुप्ततेचा शिक्का आणि क्रमांक असतो, कोणती प्रत कुणाकडे गेली याची नोंद असते. शेवटी, प्रभारी मंत्र्यांनी ही नोट पाहिली असून त्यांची तिला मान्यता आहे, अशा अर्थाचे वाक्य येते. मग ती मंत्रिमंडळ सचिवालयाकडे. या सचिवालयाचे प्रमुख मंत्रिमंडळ सचिव. १९५० मध्ये एन. आर. पिल्लई पहिले मंत्रिमंडळ सचिव झाले, तेव्हापासून हे पद आहे. विषयपत्रिका, इतिवृत्त आणि झालेल्या निर्णयाचा पाठपुरावा हे सगळे तिथून होते.

या फिरण्याला लोक दिरंगाई म्हणतात. मीही तरुणपणी म्हणत असे. एका नोटने माझे मत बदलले.

शेतकऱ्यांना अनुदान देण्याची एक योजना होती. मसुद्यात मी पात्रतेची अट लिहिली होती : जमीन अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर हवी. मला त्यात काही वावगे दिसले नाही. माझ्या वरच्या तिघांनाही दिसले नाही. मसुदा फिरायला गेला आणि एका छोट्या मंत्रालयाकडून अडीच ओळींचा अभिप्राय आला. शेतात राबणाऱ्या बहुतेक बायकांच्या नावावर सातबारा नसतो, ही अट ठेवली तर त्या सगळ्या योजनेबाहेर राहतील. एवढेच. खाली एका कनिष्ठ अधिकाऱ्याची सही. मी तो कागद दोनदा वाचला. माझी स्वतःची आई आयुष्यभर शेतात खपली, आणि तिच्या नावावर एक गुंठाही नव्हता. तरी मसुदा लिहिताना ते माझ्या मनात आले नव्हते. अट बदलली. नोट आणखी तीन आठवडे लांबली. त्या तीन आठवड्यांबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट. एका सकाळी कार्यालयात आलो तर सहकारी वर्तमानपत्र पुढे धरून उभा. आदल्या दिवशी एका जाहीर सभेत एका मोठ्या योजनेची घोषणा झाली होती, आकड्यासकट. विषय आमच्या खात्याचा आणि आमच्याकडे त्याची साधी फाइलही नव्हती. दुपारी निरोप आला की नोट तयार करा. इतर मंत्रालयांना अभिप्रायासाठी एक दिवस दिला. एका दिवसात कोण काय लिहिणार? बहुतेकांकडून काहीच आले नाही, आणि मुदतीत न आलेला अभिप्राय म्हणजे हरकत नाही, असे धरून नोट पुढे गेली. सल्लामसलतीच्या परिच्छेदात मीच तसे लिहिले. खोटे एकही अक्षर नव्हते. तरीही ते लिहिताना हात जड झाला होता, कारण सल्लामसलत झालेली नाही हे मला माहीत होते. पुढे अंमलबजावणीत अडचणी आल्या त्या अशा होत्या, की चार मंत्रालयांना पंधरा दिवस मिळाले असते तर त्यांनी त्या बसल्या जागी दाखवल्या असत्या.

सरकारी भाषेत यासाठी एक शब्द आहे : कार्योत्तर मान्यता. आधी काम, मग संमती. पूर, युद्ध, साथ अशा वेळी तो लागतो आणि लागलाच पाहिजे. पण सवयीने वापरला की नोट लिहिणाऱ्यापासून नोट वाचणाऱ्या मंत्र्यापर्यंत सगळ्यांना कळून चुकते की आता विचार करून उपयोग नाही.

ही तक्रार जुनी आहे आणि ती करणारे लोक लहान नव्हते. महाराष्ट्राच्या वाचकांना तर त्यातली दोन नावे घरची आहेत.

१९५१ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या निवेदनात आणखी एक मुद्दा होता आणि तो थेट मंत्रिमंडळाच्या कामकाजाबद्दलचा होता. महत्त्वाचे निर्णय मंत्रिमंडळाच्या समित्यांमध्ये होतात, त्या समित्यांवर आपल्याला घेतलेले नाही, आणि मंत्रिमंडळ हे समित्यांनी आधीच केलेले निर्णय नोंदवून घेणारे कार्यालय झाले आहे, असा त्यांचा आक्षेप होता. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना घटना लागू झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत हे म्हणावे लागले. सभागृहात ते निवेदन करण्यावरूनही वाद झाला, तेव्हा ते बाहेर पडले.

समित्या वाईट असतात असे मी म्हणत नाही. तीस जणांनी बसून प्रत्येक नेमणूक आणि प्रत्येक खरेदी ठरवणे शक्य नाही. आज सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधानांसोबत संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र खात्यांचे मंत्री असतात. शेतमालाचा हमीभाव ठरतो तो अर्थविषयक समितीत. वरिष्ठ नेमणुकांसाठी वेगळी समिती आहे. गुंतवणूक व विकास आणि रोजगार व कौशल्य या दोन समित्या २०१९ मध्ये वाढल्या. समितीच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची मुभा मंत्रिमंडळाला आहे. ती मुभा कुणीतरी वापरली पाहिजे, एवढेच.

दुसरे नाव चिंतामणराव देशमुखांचे. कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री. १९५६ च्या जूनमध्ये पंडित नेहरूंनी मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनात जाहीर केले, की मुंबई शहर केंद्राच्या कारभाराखाली राहील. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलैत लोकसभेत निवेदन केले. मुंबईबद्दलचे त्यांचे दुःख त्यात होतेच. पण अर्थमंत्री म्हणून त्यांनी बोट ठेवले ते कार्यपद्धतीवर : हा निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत चर्चेला आला नाही, मंत्र्यांमध्ये फिरवला गेला नाही, वेगवेगळे कुणाला विचारलेही नाही. पंतप्रधान म्हणून धोरण मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी नेहरूंची बाजू होती.

त्या घोषणेचे पुढे काय झाले ते पाहा. मुंबई केंद्रशासित झालीच नाही. ऑगस्टमध्ये संसदेने विशाल द्वैभाषिकाचा, म्हणजे मराठी आणि गुजराती मुलुखांच्या एका राज्याचा, मार्ग धरला, १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य अस्तित्वात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मंत्रिमंडळाला न विचारता केलेली घोषणा तीन महिनेही टिकली नाही. बैठकीत ती आधी आली असती तर देशमुख जे बाहेर पडून बोलले ते आत बोलले असते. निर्णय बदलला असता की नाही कोण जाणे, पण ते ऐकावे लागले असते.

१९७५ तर आपण सगळेच जाणतो. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाची बैठक झाली २६ जूनच्या सकाळी ६ वाजता. बहुतेक मंत्र्यांना बातमी तिथे कळली. हे ज्या नियमाच्या आधारे केले तो कार्यव्यवहार नियमांतला १२ वा नियम : पंतप्रधान आवश्यक वाटेल तेव्हा या नियमांपासून फारकत घेण्यास परवानगी देऊ शकतात किंवा घेतलेली फारकत माफ करू शकतात.

त्या रात्रीचा धडा राज्यघटनेत लिहून ठेवलेला आहे. मूळ घटनेत मंत्रिमंडळ हा शब्दच नव्हता, सगळीकडे मंत्रिपरिषद होती. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ३५२ व्या अनुच्छेदात पहिल्यांदा तो शब्द आला : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही. एका पहाटे मंत्र्यांना विचारले गेले नाही, म्हणून हा शब्द घटनेत आणावा लागला. आपल्या पदाला घटनेत जी जागा मिळाली ती अशी मिळाली, हे कृपया लक्षात असू द्यावे.

पण १२ वा नियम तसाच राहिला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न होता याच नियमाचा आधार घेतला गेला. अधिसूचनेवर वेळ होती ५ वाजून ४७ मिनिटे. त्या पहाटेच्या शपथविधीबद्दल कुणाचे मत काहीही असो, राज्याच्या कारभाराचा एवढा मोठा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळात चर्चेला न येता झाला. आता मी ज्यांच्या घरी जातो तिथे अजून त्या शपथविधीच्या गोष्टी निघतात. नियमाबद्दल विचारले तर तो कुणालाच ठाऊक नसतो.

घोषणा आधी आणि बैठक नंतर हा क्रम शांतपणे, कोणत्याही आणीबाणीशिवायही दिसतो. तीन कृषी कायदे मागे घेण्याचे पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ ला देशाला सांगितले. ते मागे घेण्याच्या विधेयकाला मंत्रिमंडळाची मंजुरी २४ नोव्हेंबरला मिळाली. २०१३ मध्ये धक्का उलट्या दिशेने आला होता : दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींचे पद लगेच जाऊ नये यासाठीचा वटहुकूम मंत्रिमंडळाने सप्टेंबरात मंजूर केला, सत्ताधारी पक्षाच्या उपाध्यक्षांनी तो पत्रकारांसमोर निकालात काढला, आणि २ ऑक्टोबरला त्याच मंत्रिमंडळाने तो मागे घेतला. मला तो वटहुकूम मुळीच आवडला नव्हता. तरी प्रश्न उरतो. बाहेरून एक जण बोलल्यावर जे पटले, ते मंजुरीच्या दिवशी आत कुणालाच का सांगता आले नाही?

आता कारणे कळण्याबद्दल. बैठकीतली चर्चा गुप्त राहावी, हे मला मान्य आहे. आपण पदाबरोबर गोपनीयतेची शपथ घेता, आणि आपण राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालयालाही करता येत नाही. अर्थसंकल्पाच्या सकाळी मंत्रिमंडळाला तो दाखवून लगेच संसदेत मांडतात, तेही समजू शकते. कोण कोणत्या बाजूने बोलले हे बाहेर येऊ लागले तर कुणी मोकळेपणाने बोलणार नाही.

पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात ८ (१) (झ) या कलमाला एक परंतुक, म्हणजे ‘मात्र’ म्हणून जोडलेली अट, आहे. मंत्रिमंडळाची कागदपत्रे देण्यातून सूट देणारे हे कलम. त्यातच पुढे म्हटले आहे, की निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर तो निर्णय, त्याची कारणे आणि ज्या सामग्रीच्या आधारे तो घेतला ती सामग्री जाहीर केली जाईल. संसदेचे हे स्पष्ट शब्द आहेत. निवृत्तीनंतर मी एका जुन्या, कधीच संपलेल्या विषयाबद्दल अर्ज केला. उत्तर आले तीन ओळींचे. त्यात कलमाचा पहिला भाग होता, परंतुक नव्हते. ज्याने ते उत्तर टंकले त्याला मी दोष देत नाही. त्याच्या खुर्चीत बसून मीही अशी उत्तरे दिली आहेत. वरून कुणी वेगळे सांगितले नव्हते.

म्हणून आपण वरून सांगावे. आज बैठक झाली की एक मंत्री पत्रकारांशी बोलतात आणि प्रसिद्धिपत्रक निघते. त्यात योजनेचे नाव, रक्कम आणि लाभ असतात. दुसरे कोणते पर्याय पाहिले, अर्थ मंत्रालयाने कोणती शंका काढली आणि ती कशी फेडली, यातले काही नसते. विषय पूर्ण झाल्यावर त्या नोटमधला प्रस्ताव, समर्थन आणि अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करावा. मंत्र्यांची नावे नकोत, कोण काय बोलले ते नको.

आणि १२ व्या नियमाबद्दल : तो रद्द करा असे मी म्हणत नाही. नियम वापरला की ठरावीक दिवसांत त्याची माहिती, विषयासह आणि कारणासह, संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी. ज्या लोकसभेला आपण सामूहिकरीत्या जबाबदार आहात, तिला एवढे कळायला हवे.

राष्ट्रपतींच्या हातीही एक किल्ली आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. ७८ व्या अनुच्छेदानुसार एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय मंत्रिपरिषदेपुढे ठेवा, असे राष्ट्रपती पंतप्रधानांना सांगू शकतात. घटनाकारांना भीती कशाची होती ते यावरून दिसते.

आपल्यापैकी काही जण पहिल्यांदाच मंत्री झाले असतील. त्यांना एक विनंती आहे. पुढची नोट हातात आली, की आधी सल्लामसलतीचा परिच्छेद उघडावा. किती मंत्रालयांना मसुदा पाठवला, त्यांना किती दिवस दिले, किती जणांनी उत्तर दिले, ते पाहावे. तिथे अभिप्राय प्राप्त झाले नाहीत असे लिहिलेले असेल, तर का झाले नाहीत, हे बैठकीत विचारावे. आपण विचारता हे एकदा कळले, की खाली मसुदा लिहिणारा आम्हाला आणखी आठ दिवस द्या असे आपल्या वरिष्ठांना सांगू शकेल. मला ते सांगता आले नव्हते.

आपला नम्र,
एक निवृत्त अवर सचिव